खाडीला पाणी उशिरा भरतं

मंगळवारी सकाळी सव्वाआठला तुझ्या भावाचा, रमाकांतचा फोन आला. तू पहाटे गेलीस, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, कशानं? तो म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?" मी नाही म्हटलं. मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि डोंबिवलीहून बाळकुमला यायला निघाले.

रंजना, मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग असलाच तर तो दोन परिच्छेदांत आवरायचा असतो आणि मग डोळे पुसायचे असतात, एवढी रीत मला कळते. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, शाळेच्या वार्षिक अंकासाठी असले किती लेख तपासून दिले. पण तो राग आवरत नाही. तू गेल्याला आता सहा आठवडे होतील. मी रोज थोडंसं लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, आणि रोज तो जिथं होता तिथंच असतो.

त्या रविवारी तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुझा फोटो मोठा करून लावला होता. तो दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा होता, त्यामुळे तू आम्हा सगळ्यांना नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहायला सांगते आहेस असं वाटत होतं. कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, रंजनाताईंनी नौपाड्यातल्या दवाखान्यात केस-पेपर काढायची नोकरी सांभाळून लेखनाचा छंद जोपासला, बालगोपाळांसाठी पऱ्यांच्या गोष्टी लिहिल्या. तुझ्या दोन्ही पुस्तकांत मिळून एकही परी नाही. चिखल आहे, खेकडे आहेत, तिवरं आहेत, आणि फक्त ओहोटीला पाण्याबाहेर येणारा खाजणदेश आहे, ज्यातल्या माणसांना लग्न, भांडण, बाजार, सगळं पुढची भरती यायच्या आत उरकावं लागतं. ते पुस्तक त्यांनी हातात धरून दाखवलं, तेही उलटं. मी सभेत बोलत नाही, हे तुला माहीत आहे. तू असतीस तर मागून म्हणाली असतीस, "बाई, बघा, खाजणदेश पालथा पडला."

सभा संपल्यावर दिवाकरराव माझ्याजवळ आले. कल्याणचे आपले कुलूपवाले दिवाकरराव. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, वर्षभर तेच तुला दर पंधरवड्याला इस्पितळात नेत होते. पोटाचा आजार, उपाय फारसा नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रमाकांतला ठाऊक होतं. खडवलीच्या शलाकालाही तू शेवटी सांगितलंस. फक्त मला नाही.

"मला का नाही?" मी विचारलं.

"ती म्हणाली, बाईंना कळलं तर त्या वाद घालायच्या थांबतील."

त्या वाक्यापासून मी रागावलेली आहे. ते तू सहज म्हणाली असशील, रिक्षात बसता बसता. पण ठरवलंस ना माझ्या वतीनं? मी काय करीन, कशी वागेन, किती बदलेन, याचा हिशेब परस्पर मांडलास आणि मला बाहेर ठेवलंस. वर्षभर मी आजारी माणसाशी भांडत होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू आणि आम्ही तुझे वाचक नौपाड्यातल्या त्या उपाहारगृहाच्या माळ्यावर जमायचो. तिथं मी तुला टाकून बोलायचे, तेव्हा दिवाकरराव थालीपिठाकडे बघत बसायचे. मला वाटायचं त्यांना भूक आहे.

आणि तुझं म्हणणं खरं होतं, याचा राग वेगळाच. थांबले असते मी. तुझ्यासाठी मऊ भात घेऊन आले असते आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला छान म्हटलं असतं.

आपली ओळखच वादातून झाली. पहिलं पुस्तक मला डोंबिवलीच्या एका रस्त्यावरच्या प्रदर्शनात मिळालं. पातळ कागद, बाइंडिंगमधून दोरा बाहेर आलेला, मुखपृष्ठावर चिखलातून डोकं वर काढून बघणारा एक मासा. प्रकाशकाच्या जागी तुझंच नाव. मी ते एका दिवसात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिलं, कारण शेवटच्या पानावर लेखिकेचा परिचय नव्हता, एक प्रश्न होता. "तुम्हाला कशाचं वेड आहे? पत्रानं कळवा." खाली बाळकुमचा पत्ता. फोन नंबर नव्हता.

मला भरती-ओहोटीचं वेड आहे, असं मी लिहिलं. लहानपणी आजोळी रत्नागिरीकडे शिकलेला हिशेब लिहिला: पंचांगातली तिथी घ्यायची, तिला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आणि मग, पेशाला जागून, तुझी चूक दाखवली. पाचव्या प्रकरणात तुझ्या नायिकेच्या, जिवलाच्या गावात पंचमीला पाच वाजता पाणी काठोकाठ भरतं. पंचमी म्हणजे पाच पाऊणे पावणेचार. तू सव्वा तास चुकली आहेस. खाली असंही विचारलं, की जिवलाच्या खांद्यावर बसून सल्ले देणारा निवटा नावाचा जो मासा आहे, तो खरा असतो की कल्पनेतला?

पुढच्या रविवारी सकाळी तू दारात उभी होतीस. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात लोणच्याची बरणी. बरणीत तळाला चिखल, आणि चिखलावर बसून माझ्याकडे डोळे फिरवणारा तो.

"खरा असतो," तू म्हणालीस. "आत येऊ का?"

आमच्या घरात तोवर मासा कधी आला नव्हता. मी बरणी टीपॉयवर नको, खाली ठेवा म्हटलं. त्यानं पुढच्या परांवर सरपटत बरणीच्या काचेवर चढायचा प्रयत्न केला, पडला, पुन्हा चढला. तू म्हणालीस, आमच्याकडे ह्याचं कालवण करतात, पण ह्याला आज परत सोडणार आहे, पाहुणा म्हणून आणलाय. मग चहा पिता पिता तू मला शांतपणे सांगितलंस की बाई, तुमचं गणित समुद्राचं आहे. आमची खाडी किती आत आहे बघा. पाणी इतकं वाकडंतिकडं आत यायचं म्हणजे त्याला वेळ लागत नाही का? माझे बाबा पाऊणपट करायचे आणि वर तासभर धरायचे.

मी मानलं नाही. मी पुस्तकं काढली. तू एकही उघडली नाहीस. म्हणालीस, येत्या पंचमीला या, घड्याळ घेऊन.

आले मी. बाळकुमच्या त्या जुन्या धक्क्यावर आपण दुपारी तीनपासून बसलो. मागं नवे टॉवर, पुढं खाडी, मध्ये दोन बाया, एक पंचांग आणि माझं मनगटी घड्याळ. जाळं निवडत बसलेला तुझा म्हातारा चुलता मधूनमधून आमच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "काय गो रंजे, ही मास्तरीन कोन? पानी काय बुकात बघून येतं काय?" पावणेचार झाले. पाणी चढतच होतं. सव्वाचार. चढतच होतं. पाचला पाच मिनिटं कमी असताना ते थबकलं, तरंगणारी काटकी जागच्या जागी फिरली, आणि तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. पिशवीतून चण्याची पुडी काढून पुढं केलीस. त्या दिवसानंतर मी भरतीची वही ठेवायला लागले. बाळकुमची वेगळी, समुद्राची वेगळी. दोन्ही वह्या आता माझ्या टेबलावर आहेत.

तुझे वाचक सगळे असेच आले. तू त्यांना गोष्ट आवडली का, असं कधी विचारलं नाहीस. वेड विचारलंस. दिवाकरराव दुकानात आयुष्यभर कुलपं दुरुस्त करून घरी पुन्हा जुनी कुलपं जमवायचे, आणि घरातलं कुणी त्याबद्दल ऐकून घेत नसे. तू तीन रविवार ऐकलंस. दुसऱ्या पुस्तकात खाजणदेशाच्या वेशीला कुलूप आलं, जे किल्लीनं नाही, मिठाचा थर खरवडला की उघडतं. शलाका लिहायला लागली की खडवलीला घरामागच्या चिंचेवर घुबडं आहेत आणि ती त्यांच्या आवाजांची नोंद ठेवते, म्हणून घरचे तिला अपशकुनी म्हणतात. दुसऱ्या पुस्तकात ओहोटीची राखण घुबडांकडे गेली. शलाकानं ते प्रकरण घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. अशी तुझी चाळीस-पन्नास माणसं. बहुतेक सगळी आपल्या वेडापायी घरात एकटी पडलेली.

मी एकदा तक्रार केली होती. सगळ्यांची वेडं पुस्तकात घेतलीस, माझं नाही. तू हसलीस. "तुमचं वेड तर सगळ्या पुस्तकभर आहे, बाई. वेगळं कुठं दाखवू?" उत्तर चांगलं होतं. पण मला हवं होतं ते नव्हतं. मला दिवाकररावांसारखं एखादं कुलूप हवं होतं, बोट ठेवून दाखवता येईल असं.

तुझी लिहायची पद्धत मला कधी पटली नाही, आणि आता त्याच पद्धतीवर सगळं येऊन ठेपलं आहे. तू पुस्तक फोनवर लिहायचीस. दोन पेशंटांच्या मध्ये, खिडकीशी बसून, एका अंगठ्यानं. अंगठा दुखायला लागला तेव्हा त्याला चिकटपट्टी लावून लिहायचीस. मी म्हणायचे, कादंबरी अशी लिहितात का, वही घे. तू म्हणायचीस, "वही माणसांसाठी आहे, बाई. पुस्तक ह्यात." वाचकांच्या पत्रांना मात्र उत्तर हातानंच, निळ्या शाईनं, रेघांच्या फुलस्केपवर. एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस असं झालं नाही.

एकाच पत्राला दिलं नाहीस, असं मी चार महिने समजत होते.

नवरात्रात तू तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मला दिलंस. फोनवरून छापून आणलेली अकरा पानं. "चिरफाड करा ह्याची, बाई," म्हणालीस. मी घरी येऊन वाचलं. जिवला सगळं करून झाल्यावर खाजणदेशातून परत निघते. वाट मोकळी आहे, निवटा तिला किती वेळ उरला ते बरोबर सांगतो, पाणी अजून लांब आहे. आणि ती वेशीच्या दगडावर बसते. निवट्याला म्हणते, "तू जा. मी बसते जरा." मग पाणी येतं. बस, एवढंच. लढाई नाही, शाप नाही, कुणासाठी केलेला त्याग नाही. एक मुलगी बसते.

मी संतापले. आठ पानी पत्र लिहिलं. दोन पुस्तकं तू लोकांना सांगत आलीस की ती घरी येईल. हा वाचकांचा विश्वासघात आहे. सगळी वेडी माणसं तुझ्यावर विसंबून आहेत आणि तू त्यांना दगडावर बसवून निघून जातेस. आणि मग ते वाक्य, जे मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवलं: "हा शेवट थकलेल्या माणसाचा आहे."

तू थकलेली होतीस, रंजना. तुझ्या आजाराला आठ-नऊ महिने झाले होते. ते वाक्य वाचताना तू कुठं बसली होतीस हे मला ठाऊक नाही, आणि ते मला ठाऊक नसावं अशी व्यवस्था तूच केली होतीस. आता मी त्या वाक्याचं काय करू? माफी मागायची तर तू समोर नाहीस. मागायची नाही तर झोप लागत नाही. तू एक शब्द बोलली असतीस तर ते वाक्य माझ्या हातून लिहिलंच गेलं नसतं. पण तुला ते हवं होतं. तुला खरी परीक्षक हवी होती, आणि त्यासाठी तू मला निर्दय राहू दिलंस. हे मैत्रीत बसतं का? मी अजून त्याचं उत्तर शोधते आहे.

त्यानंतर तू दोन शनिवार नौपाड्याला आलीस. सगळ्यांशी बोललीस. मला एवढंच विचारलंस, की चहात साखर हवी का. मी नको म्हटलं. तुला वाटलं असेल बाई चिडल्यात, मला वाटलं तू चिडली आहेस. मग तू यायची थांबलीस. सर्दी आहे, असा निरोप आला. सर्दी बरी झाली का, हे विचारायला मी फोन उचलला नाही, कारण माझ्या पत्राला उत्तर यायचं होतं. आधी उत्तर, मग फोन. मी शिस्तीची बाई.

शोकसभेनंतर आठवड्यानं रमाकांत माझ्याकडे डोंबिवलीला आला. त्यानं तुझा फोन आणला होता आणि एक जाड पाकीट. म्हणाला, ताईनं सांगितलंय, शेवट बाई ठरवतील. मी विचारलं, कोणता शेवट? तो म्हणाला, "दोन आहेत ना."

फोनमध्ये पूर्ण पुस्तक होतं, त्या अकरा पानांसकट, स्वल्पविरामसुद्धा न बदललेलं. पाकिटात दोन गोष्टी होत्या. एक माझंच आठ पानी पत्र. त्यात "थकलेल्या माणसाचा" या वाक्यापुढं समासात तू बरोबरची खूण केली होतीस, मी मुलांच्या वहीत करायचे तशी. दुसरी, निळ्या शाईनं लिहिलेली सात पानं. अक्षर उतरत गेलेलं, शेवटच्या दोन पानांवर ओळी रेघ सोडून खाली घसरलेल्या. वर डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "बाईंसाठी."

त्या सात पानांत जिवला घरी येते.

कशी येते ते मी इथं लिहिते, कारण ते आता दुसरीकडे कुठं येणार नाही. वेशीवर एक नवीच बाई बसलेली असते. मोजणीबाई. चष्मा, मांडीवर पंचांग, केसांत पेन्सिल. ती जिवलाला अडवते. आज दशमी, दहा पाऊणे साडेसात, तुझी वेळ गेली, आता निघालीस तर वाटेत बुडशील. जिवला घाबरून दगडावर बसते. तेव्हा निवटा तिच्या कानाशी येतो आणि म्हणतो, "अगं, हिचं गणित समुद्राचं आहे. आपल्याकडं अजून तास आहे. चल." आणि त्या एका तासात जिवला चालत घरी जाते. मोजणीबाई मागून ओरडत राहते की हे नियमात बसत नाही. मग पंचांग मिटते, आणि जिवला पलीकडे पोचेपर्यंत वेशीचं दार हातानं उघडं धरून उभी राहते.

मी हसले, हे कबूल करते. रमाकांत समोर चहा पीत होता आणि मी मोठ्यानं हसले. पेन्सिल मी केसांतच ठेवते. मग मला इतका राग आला की मी उठून आत गेले. घरचे तुला चमच्यानं पाणी पाजत होते त्या दिवसांत तू बसून मला हे लिहिलंस. माझ्यापुढं हार मानलीस. मला जिंकायचं नव्हतं, रंजना. मी म्हटलं होतं वाद घाल.

रमाकांतनं दिवाकररावांना आधीच सांगितलं होतं की दुसरा शेवट आहे आणि त्यात जिवला येते. त्यामुळे पुढच्या शनिवारी नौपाड्याच्या माळ्यावर सगळे खुशीत होते. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मिसळ मागवली. दिवाकरराव म्हणाले, मग छापायला कधी द्यायचं? मी म्हटलं, देऊ, पण फोनमधल्या शेवटासह.

कुणालाच कळेना. शलाकानं चमचा खाली ठेवला. रमाकांत म्हणाला, बाई, ताईनं ती सात पानं नंतर लिहिली, म्हणजे तेच तिचं शेवटचं म्हणणं झालं ना? याला माझ्याकडे उत्तर होतं, तूच दिलेलं. मी सांगितलं, की रंजना पुस्तक फोनवर लिहायची. हातानं ती फक्त पत्रांना उत्तरं लिहायची. तुम्हा प्रत्येकाच्या घरी तशी पत्रं आहेत, जाऊन बघा, वर डाव्या कोपऱ्यात तुमचं नाव असेल. ही सात पानं म्हणजे माझ्या पत्राचं उत्तर आहे. फोन तिच्या उशाशी होता. तिला पुस्तक बदलायचं असतं तर अंगठा होता.

"अंगठा उचलत नव्हता तिचा शेवटी," रमाकांत म्हणाला.

"पेन उचललं ना?"

हे मी जरा जोरात बोलले. खालच्या मजल्यावरून वेटर बघून गेला. दिवाकरराव हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हीच तिला लिहिलं होतंत ना, की हा विश्वासघात आहे म्हणून? ती बिचारी तुमच्यासाठी—"

"हो. चुकलं माझं," मी म्हटलं. "पुन्हा समुद्राचं गणित लावलं."

त्यांना ते कळलं. धक्क्यावरची गोष्ट तू सगळ्यांना सांगितली होतीस, तिखटमीठ लावून. मग शलाकानं विचारलं, "म्हणजे जिवला मरते?"

"मरते असं तिनं लिहिलेलं नाही. ती बसते."

शलाका रडायला लागली आणि रडतच मला म्हणाली की तुम्हाला पुस्तकात जागा मिळाली तरी तुम्ही ती टाकताय, असं कोण करतं? खरं तर त्या सात पानांतलं दार उघडं धरून उभं राहणं मला किती हवं आहे, हे त्या मुलीला कसं सांगणार? इतकी वर्षं मागत होते ते कुलूप तू मला दिलंस. पण ते पुस्तकाचं नाही. अकरा पानं तू लिहिलीस तेव्हा तुला माहीत होतं तू कुठं बसली आहेस, आणि कुणासाठीही तू ते बदललं नाहीस. माझ्यासाठीही नाही. मला तू पत्र लिहिलंस. मला समजावलंस, जसं दवाखान्यात घाबरून आलेल्या नातेवाइकांना समजवायचीस, हाताला धरून बाकावर बसवून.

आणि आता मला, आयुष्यभर सभेत न बोललेल्या बाईला, ज्या शेवटावर मी आठ पानं ओढली त्याच शेवटाची बाजू लढवावी लागते आहे. पुस्तक आलं की तुझी चाळीस-पन्नास माणसं चिडून पत्रं लिहितील. त्यांना मी सांगणार, की थकलेल्या माणसाला बसायचा हक्क असतो. हे मला तुझ्याकडून समोरासमोर ऐकायचं होतं. मी पाच वाजेपर्यंत वाद घातला असता आणि पाचला पाच कमी असताना मान्य केलं असतं. तू मला तेवढा तास दिला नाहीस.

त्या दिवशी निघताना दिवाकररावांनी माझी पिशवी हातात घेतली आणि जिना उतरेपर्यंत दिली नाही. खाली आल्यावर म्हणाले, तुम्हाला सांगायला हवं होतं मी. मी म्हटलं, हो, हवं होतं. त्यांनी मान हलवली. आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो.

काल कल्याणच्या छापखान्यातून तिसऱ्या पुस्तकाची मुद्रितं आली. मी ती तपासली. अकरा पानांत कुठंही पेन्सिल लावली नाही. शेवटच्या पानावर तुझा प्रश्न तसाच ठेवला आहे. खाली पत्ता माझा आहे. जिवला परत येत नाही. सात पानं बाळकुमच्या भरतीच्या वहीत आहेत, आणि तुझ्या उत्तराला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.